छातीतला बैल

"माझ्या बहिणीच्या छातीत बैल होता," मी म्हणालो. "आता तू म्हणशील, म्हातारा फेकतोय. म्हण खुशाल. सबंध गावात ही गोष्ट कुणी खरी मानत नाही, तू तरी का मानावीस?"

स्वराली हसली. नवी सून, सासरचा पहिला गणपती. मागच्या परसात जाऊन तिने अळूची भलीमोठी जुडी कापून आणली होती आणि ती मांडीवर घेऊन ओटीच्या पायरीवर बसली होती. हसली खरी, पण चेहरा उतरलेलाच. त्याचं कारण आत स्वयंपाकघरात नारळ खवत बसलं होतं. तिची सासू नयना, म्हणजे माझी भाची. पोरीने हौसेने जुडी पुढे केली, "आई, ऋषिपंचमी आहे, ऋषीची भाजी मी करू का?" तर नयना म्हणाली, "ती भाजी या घरात होत नाही," आणि वळून आत गेली.

"आजोबा, आई रागावल्या का?"

"नाही गो. तुझ्या माहेरी करतात वाटतं?"

"दर वर्षी. आमची आजी सांगते, बैल वर्षभर आपल्यासाठी राबतो, तर या एका दिवशी त्याच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं काही नाही, भातसुद्धा नाही. परसात हाताने खणून लावलेलं नाहीतर आपोआप उगवलेलं, तेवढंच."

"बरोबर सांगते तुझी आजी. आमची अनूताईही हेच सांगायची. तुझ्या सासूची आई ती, माझी थोरली बहीण. हे घर तिचंच. तिच्या छातीत बैल होता म्हणून इथे ही भाजी होत नाही."

"आजोबा!" तिने जुडी खाली ठेवली. "हे मला आधीच सांगून ठेवलंय. तुम्ही एसटीत कंडक्टर होता आणि आंबा घाटात वाघाने हात केला म्हणून गाडी थांबवलीत."

"थांबवली. त्याला तिकीटही दिलं. साखरप्याला उतरला बिचारा, पुढच्या गाडीत कुत्रं होतं म्हणून." मी पानाचा डबा उघडला. "ते सोड. मी जन्मभर थापा मारल्या, नाकारतो कुठे? पण जन्मात एकदाच मी खरं बोललो, आणि ते का बोललो असं मला झालं. ती ही गोष्ट. स्टँडवर सांगितली आहे, सलूनमध्ये सांगितली आहे. या ओटीवर मात्र पहिल्यांदाच सांगतोय. ऐकायची तर ऐक, नाहीतर जुडी उचल आणि गाईला घाल."

ती सरसावून बसली. आत खवणीची खरखर चालू होती.

अनूताईला दम लागायचा. आधी विहिरीची चढण चढताना, मग ओटीची पायरी चढताना, मग देवाला फूल वाहताना. तरी कबूल करायची नाही. "वारा पडलाय आज," म्हणायची. बाहेर माड वाऱ्याने वाकलेले, आणि हिच्यापुरता वारा पडलेला. शेवटी नयनाने तिला मुंबईला नेलं. नयना तेव्हा ठाण्याला होती. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हृदयातली एक झडप चुन्यासारखी कडक झाली आहे, उघडतच नाही नीट. काढून नवी बसवावी लागेल. ताई मला म्हणाली, "दत्तू, एसटीच्या दाराचं आणि माझं एकच दुखणं निघालं रे." भ्यायली होती, पण बोलणं असं.

झडपा दोन जातीच्या असतात. एक धातूची. ती टिकते भरपूर, पण रक्त तिच्यावर गोठतं, म्हणून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मरेपर्यंत घ्यायच्या. दुसरी जनावराची. ती काही वर्षांनी झिजते, पण गोळ्यांचा जन्मभराचा जाच नाही. ताईचं वय बघून डॉक्टरांनी जनावराची बसवायची ठरवली. ऑपरेशन झालं आषाढात. छाती मधोमध कापून पुन्हा शिवली, आणि म्हातारी शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारते? "परसातलं सुरण कुणी राखलंय का, की घातलं डुकरांच्या मढ्यावर?"

रानडुकरांशी तिचं हाडवैर होतं. पावसाळाभर येऊन वाडी उकरायची ती, आणि ही सकाळी त्या खड्ड्यांपुढे उभी राहून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

तर ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी मला आणि नयनाला आपल्या खोलीत बोलावलं. तरुण पोरगा, पण समजावून सांगायची हातोटी होती त्याच्याकडे. म्हणाला, "काका, जनावराची झडप म्हणजे गोळ्या नाहीत, असं लोक धरून चालतात. तसं करू नका. जन्मभर नाहीत, हे खरं. पण पहिले तीन महिने सगळ्यांत जोखमीचे. झडप शिवलेल्या जागी शरीराचं आपलं अस्तर चढायला वेळ लागतो. तोवर रक्त तिथे अडखळतं, गाठ धरतं. ती गाठ सुटून मेंदूत गेली, तर मग माझ्या हातात काही नाही."

मी विचारलं, "डॉक्टर, पण जनावर कुठलं?"

नयना तेव्हा नेमकी चहा आणायला बाहेर गेली होती.

डॉक्टर म्हणाला, "बैल."

आतली खवणीची खरखर थांबली. मी मान वळवून ओरडलो, "नयना, चहा टाकतेस काय गो?" जरा वेळाने खरखर पुन्हा सुरू झाली.

"मग?" स्वराली म्हणाली.

मग काय? नयना चहा घेऊन आली तेव्हा डॉक्टर खाण्यापिण्याचं सांगत होता. पालेभाजी बंद नाही, पण रोज सारखी, वाटीभर. एकदम जास्त नको. पाल्यात असं काही असतं की गोळीने पातळ केलेलं रक्त तो पुन्हा घट्ट करतो. गोळी पोटात असते आणि नसल्यासारखी होते. म्हणून दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं, किती पातळ आहे ते बघायचं आणि त्यावर गोळी कमीजास्त करायची. मी मान डोलावली, नयनाने मान डोलावली. खोलीबाहेर आल्यावर आम्ही दोघांनी ठरवलं की ताईला जनावराचं काही सांगायचं नाही. झडप बसवली, संपलं.

पण शेजारच्या खाटेवर पनवेलची एक बाई होती. तिचंही तेच ऑपरेशन. तिने ताईला विचारलं, "आजी, तुम्हाला लोखंडाची की जनावराची?"

झालं! मी जेवणाचा डबा घेऊन आत गेलो तर ताई भिंतीकडे तोंड करून पडलेली. नर्स गोळी हातावर घेऊन उभी.

"घेत नाहीत," नर्स म्हणाली. "सकाळपासून पाणीसुद्धा नाही."

"ताई, हे काय?"

"कोण मारला माझ्यासाठी?"

"कोण कशाला मारतोय?"

"दत्तू, थापा मारू नकोस. मी सत्तरीला टेकलेली बाई. माझा हा फुटका संसार चार वर्षं चालवायला कुणाचा जीव घेतलात? नाव सांग. नाव सांगेपर्यंत गोळी नाही, पाणी नाही."

"डॉक्टरला विचारतो मग सांगतो."

"तुला माहीत आहे. तुझे कान लाल झालेत."

लहानपणापासून तिला माझ्या कानांवरून कळायचं. मी तरी काय करणार? ती गोळी पोटात जायलाच हवी होती, डॉक्टरचे शब्द कानात होते. मी स्टुलावर बसलो आणि म्हणालो, "बैल आहे, ताई."

तिने तोंड फिरवलं. माझ्याकडे बघितलं. मग हात हळूच उचलून छातीवरच्या पट्टीवर ठेवला. "पवळ्या?" ती म्हणाली.

तुला पवळ्या माहीत नाही. आमच्या बापाच्या जोतातला उजव्या अंगाचा बैल. ताई लहान होती तेव्हापासूनचा. तिच्या हातचं खायचा, दुसऱ्या कुणी पेंढा टाकला तर फुरफुरायचा. म्हातारा झाला, खुरात जखम झाली, तेव्हा बापाने त्याला बाजारात काढला. घेणारा कोण होता आणि कशासाठी घेत होता, हे सगळ्यांना माहीत होतं. ताई ओढ्यावरच्या साकवापर्यंत मागून पळत गेली. दावं धरून ओढत होती. बापाने तिचा हात सोडवला. त्या वर्षी ऋषिपंचमी आली तेव्हा एवढीशी पोर आईला म्हणाली, मी पण धरणार. त्यानंतर तिने ती कधी सोडली नाही. बाळंतीण असताना नाही, नवरा गेला त्या वर्षीही नाही.

"पवळ्या नव्हे गो," मी म्हणालो. "हा कुणी दुसरा."

"तुला काय माहीत?" ती म्हणाली. "आण ती गोळी."

बघ, सूनबाई, पवळ्याचं मी बोललो नाही. ते तिचं तिने जोडलं. मी फक्त बैल म्हणालो, कारण बैल होता.

घरी आल्यावर काय सांगू तुला? तसे दिवस या घराने पुन्हा बघितले नाहीत. बाई चालायला लागली, बोलायला लागली, दम गेला. माझ्या जिभेलाही जोर आला. मी वाडीत सांगत सुटलो, अनूताई बांधावरून गेली की जोताचे बैल चालायचे थांबतात आणि माना खाली घालतात. भिवा गुरवाचा तांबडा तर म्हणे गुडघ्यांवर बसला! तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरने छातीला नळी लावली, तर आतून घंटा वाजली. बाजारात सरकीच्या पोत्याजवळ ताईचे पाय आपोआप थबकतात. ताई हसायची. इस्पितळातून तिला एक उशी दिली होती. हसताना, खोकताना ती छातीशी आवळून धरायची, नाहीतर शिवण ताणते. मला बघितलं की ती आधी उशी उचलायची. "बोल मेल्या आता," म्हणायची.

गोळी कधी चुकली नाही. रेडिओवर संध्याकाळच्या बातम्या लागल्या की तिचा हात पुढे. रक्त तपासून घेतलं दोनदा, तालुक्याला जाऊन. डॉक्टर फोनवर म्हणाले, उत्तम आहे, असंच चालू द्या.

आणि गणपती आले. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी.

ताईने भाजी केली. अळू, माठ, अंबाडी, त्यात पडवळ, भोपळा, कणसाचे तुकडे. एक दिवसाने काय होतंय? मीही खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी जेवायला बसलो तर माझ्या ताटात भात, तिच्या ताटात पुन्हा तीच भाजी.

"उरली काय?"

"ताजी आहे. टाकळा आणला वरच्या रानातून."

"आणि भात?"

"मला नको."

तिसऱ्या दिवशी भारंगी. चौथ्या दिवशी कुर्डू आणि शेवग्याचा पाला. मी ताट सरकवलं. म्हटलं, "ताई, हे काय चालवलंयस?"

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यापुढे येऊन बसली. किती शांत बोलली बघ. म्हणाली, "दत्तू, दुसऱ्यांचे बैल शेतात राबतात. उन्हाळ्यात सुटतात, रात्री बसून रवंथ करतात. माझा सुटतो काय कधी? मी झोपले तरी हा चालतोच. ह्याच्या कष्टावर मी श्वास घेते, आणि वर बैलाच्या कष्टाचा भात खाऊ? लोकांना एक दिवस पुरतो. मला कसा पुरेल?"

"म्हणजे जन्मभर हे खाणार?"

"नाही रे. डॉक्टर म्हणाले ना, पहिले तीन महिने जोखमीचे? तो माझ्यात रुळेपर्यंत. तेवढं पाळते. मग दसऱ्याला नवा भात शिजवीन, आधी त्याच्या नावाने पान वाढीन, मग खाईन."

जे तीन महिने डॉक्टरने जपायला सांगितले होते, नेमके तेवढेच तिने धरले.

"पालेभाजीचं डॉक्टर काहीतरी म्हणाले होते," मी म्हणालो. "वाटीभरच."

"वाटीभर म्हणाले, ते भाताबरोबर. भातच नाही तर माणूस वाटीवर जगतं काय? आणि गोळी मी चुकवते काय? तूच देतोस ना हातावर?"

देत होतो. रोज बातम्यांच्या वेळेला मीच देत होतो.

"आजोबा," स्वराली म्हणाली, "पण तुम्ही तिला थांबवायचं होतं. सांगायचं होतं काहीतरी."

"काय सांगायचं होतं? बैल नाही म्हणून सांगायचं? असलेला बैल नाही कसा म्हणू? मी जन्मभर नसलेल्या वाघाला तिकिटं दिली, सूनबाई, पण असलेलं जनावर नाही म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती." पान तोंडातच राहिलं होतं. ते मी थुंकून आलो. "आणि मी एकटाच होतो काय सांगणारा? नयनाचा फोन यायचा दर रविवारी. ताईने मोठ्या आनंदाने तिला विचारलं, 'नयना, तुला ठाऊक आहे ना गो, माझ्यात बैल आहे तो?' मी शेजारीच उभा. नयना म्हणाली, 'हो आई.' विचार, आत आहे ती."

स्वरालीने आत बघितलं. खवणीचा आवाज थांबलेला होता, आणि या वेळी तो पुन्हा सुरू झाला नाही.

रक्त तपासायचं राहिलं. गौरी-गणपतीत एसटीत पाय ठेवायला जागा नसते, मुंबईकरांनी भरलेल्या गाड्या. कुणाचं कोपर छातीला लागलं तर? विसर्जन होऊ दे, म्हणाली. विसर्जन झालं तर पितृपक्ष लागला. तिच्या नवऱ्याचा महाळ होता, तो झाल्याशिवाय घर कसं सोडायचं? मीही म्हटलं, बरं. दिसायला ती अशी टवटवीत होती की रक्त कशाला बघायचं, तिच्याकडे बघितलं की पुरे, असं मला वाटायचं. रोज सकाळी टोपली घेऊन रानात जायची. पाल्याने भरलेली टोपली डोक्यावर घेऊन उतरताना लांबून वाटायचं, झाडच चालत येतंय.

महाळाच्या दिवशी तिने सगळा स्वयंपाक केला. खीर, वडे, भात. कावळ्याला पान ठेवलं. भटजींना वाढलं, मला वाढलं. स्वतः मागच्या पडवीत माठाची भाजी घेऊन बसली. "त्यांनाही चालेल," म्हणाली. त्यांना म्हणजे नवऱ्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परसात होती. हे जे अळू तू कापलंस ना, तिथेच. आदल्या रात्री डुकरांनी सुरणाचा वाफा उकरला होता, आणि ताईचा पट्टा सुरू होता. "मेल्यांनो, तुमच्या नरडीत काटा रुतो. देवाने कशाला घातली असली घाण जन्माला? ना जोताला, ना दुधाला. माझ्या वाटेला एकजण येऊ दे, कोयतीने..." मी चूळ भरत ऐकत होतो. बरं वाटायचं तिच्या शिव्या ऐकून. श्वास पुरतोय असं वाटायचं.

मग तिचं बोलणं घसरलं. शब्द बाहेर येतायत पण एकमेकांत मिसळलेले, पाण्यात बोलल्यासारखे. मला वाटलं चेष्टा करते. मी म्हटलं, "बैलभाषा काय गो?" देवा शपथ, हेच म्हणालो. ती वळली. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. उजव्या हातातलं अळू पडलं. तिने ते उचलायला वाकून बघितलं, आणि हात काही जाईना.

जीप मिळेपर्यंत उन्हं आली. रत्नागिरीला मेंदूचा फोटो काढला. डॉक्टरने मला बाजूला घेतलं. "झडपेवर गाठ धरली होती. तिचा तुकडा वर गेला. गोळ्या कधीपासून बंद केल्यात?"

"बंद नाहीत. कालसुद्धा घेतली."

"आजोबा, खरं सांगा."

"खरं सांगतो. माझ्या हाताने देतो."

"मग रक्त इतकं घट्ट कसं? तुमच्या-माझ्यासारखं आहे. गोळी घेणाऱ्या माणसाचं नाही." "काय खात होत्या?"

मी सांगितलं. टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू, माठ. दोन्ही वेळा, पोटभर. तो सगळं ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "का पण?"

का, ते मी त्याला सांगितलं नाही. तो काय विश्वास ठेवणार होता?

ती दिवाळीच्या पुढेमागेपर्यंत राहिली, याच माजघरात. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. नयना रजा काढून आली. आम्ही दोघं तिला पेज भरवायला बघायचो. मऊ भाताची पेज, वर तुपाचा थेंब. चमचा ओठाला लागला की ती तोंड मिटायची. भाजीच्या देठांचं पाणी दिलं की घ्यायची, पेज दिली की तोंड मिटलेलं. नयनाला वाटायचं, गिळता येत नाही. मला माहीत होतं काय ते. डावा हात तेवढा हलायचा, तो उचलून ती छातीवर ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. दसरा झाला नव्हता ना अजून.

दसरा झाला. पण तिला कसं कळावं कुठला दिवस आहे? आम्ही सांगितलं, तोरण दाखवलं, आपट्याचं पान हातात दिलं. तोंड मिटलेलंच. सुकत चालली.

तेव्हा, सूनबाई, मी खोटं बोललो. नयना पाणी तापवत होती. मी ताईच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "ताई, बैल नाही गो. मी थाप मारली. बैलाचं काही नाही तुझ्यात. डुक्कर आहे. तुझ्या आवडीचं. त्याने कधी नांगर बघितला नाही, तू भात खा, त्याला काही वाटत नाही. खा."

तिने डोळे उघडले. माझ्या कानांकडे बघितलं. मग त्या अर्ध्या तोंडाने हसली. खरंच हसली, डाव्या हाताने उशी चाचपली, इतकं हसू आलं तिला. आणि त्याच हाताने माझ्या गालावर एक चापट मारली. अशी हलकी. लहानपणी थाप पकडली की मारायची तशी.

पेज तिने घेतली नाही.

आता तूच सांग. जन्मभर मी खोटं बोललो तर लोक हसले, खुशीत घरी गेले, कुणाचं काही बिघडलं नाही. एकदाच खरं बोललो, त्या खाटेशी बसून, आणि ते तिला खाऊन गेलं. तेव्हापासून मी खरं बोलायचं सोडलं. वाघच बरे माझे.

स्वरालीचे डोळे भरले होते. तिने अळूची जुडी उचलली, कुठे ठेवायची ते न कळून पुन्हा तिथेच ठेवली. "खरंच बैल होता, आजोबा?" ती हळूच म्हणाली. "तुम्ही खरं तेच सांगितलंत. तुमची काय चूक?"

"हेच," मी म्हणालो. "हेच मी म्हणतो."

उंबऱ्यात नयना उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. बोटांना खोबरं लागलेलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या कानांकडे बघत होती.

"मामा," ती म्हणाली, "मी चहा आणायला गेले नव्हते."

"अगो, गेलीस. तुला आता आठवत नाही. तू काचेचे दोन ग्लास..."

"त्या खोलीतून मी उठलेच नाही. तुझ्या शेजारच्या खुर्चीत होते. तू विचारलंस जनावर कुठलं, आणि डॉक्टर डुक्कर म्हणाले. बैल तू आणलास, मामा. मी हो म्हटलं."